मी थांबवलेल्या एकतीस बायका

मित्रांनो, मला घंटा म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही, कारण मी दिसतेच भंगारासारखी. मी एक जुनी लोखंडी रिम आहे, मक्याची पोती वाहणाऱ्या लॉरीच्या चाकातली. ती लॉरी एकदा शेजारच्या चिसोम्बा गावच्या उतारावर कलंडली. लोकांनी इंजिन नेलं, पत्रे नेले, टायर कापून चपला केल्या, आणि मी तेवढी उरले. मग म्वाला गावच्या शाळेनं मला आंब्याच्या फांदीला साखळीनं टांगलं. शाळेचे पहारेकरी सिकेलो आजोबा एक जाडजूड बोल्ट घेऊन मला बडवू लागले. माझा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा ताठा होता.

फालेसी काबवाझी बाईंनी या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. बाई शिस्तीला कडक. पहिल्या टोलाला मुलांनी मैदानात रांग धरायची. दुसरा टोल पडला की जो जिथे असेल त्यानं तिथेच थांबायचं, एक पाऊलसुद्धा पुढे टाकायचं नाही. मैदानाच्या कडेला पांढऱ्या विटा रोवल्या होत्या. विटांच्या बाहेर जे अडकतील त्यांनी मग अंगण झाडायचं. झाडू बहुतेक चिसोम्बाच्या मुलींच्याच हातात असायचा. त्या मोठ्या झाल्या, त्यांच्या मुली शाळेत आल्या, तरी झाडू चिसोम्बाकडेच राहिला.

"तुमच्या गावात सूर्य उशिरा उगवतो का गं?" बाई विचारायच्या. मुली खाली बघून झाडत राहायच्या.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी बाईंना काय वाटलं कोण जाणे, एके दिवशी त्या पहाटेच उठून चिसोम्बाला गेल्या. परत आल्या त्या माझ्याखाली आंब्याच्या मुळावर बसल्या. पायांना नदीचा चिखल होता.

"आजोबा, त्यांच्या पाण्याच्या पंपाला दांडाच नाही," त्या सिकेलोंना म्हणाल्या. "पोरी अंधारात नदीवर जातात. एक जण पाणी भरते, बाकीच्या मगरींना दगड मारतात. मग घरी बादली ठेवून शाळेत येतात. आणि मी त्यांना झाडायला लावलं."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, बाई."

"मी कधी विचारलंच नाही ना."

त्याच वर्षी बाईंनी नोकरी सोडली आणि वॉर्डाच्या कौन्सिलरपदाला उभ्या राहिल्या. एवढंच म्हणायच्या की माझ्या वॉर्डात एक पंप मोडका राहता कामा नये. आधीपासून खुर्चीवर होते म्लेन्गासाहेब. माणूस हसतमुख. दर निवडणुकीला गावागावात साखर आणि स्वतःचा फोटो छापलेली लुगडी वाटायचे, पंप मात्र पुढच्या वर्षावर ढकलायचे. बाई सायकलवर हिंडल्या. चिसोम्बाच्या बायकांनी त्यांना सरळच सांगितलं, "बाई, साखर आम्ही त्यांची खाणार. पण रांगेत उभ्या राहणार तुमच्या मागं."

रांगेत म्हणजे काय, तेही सांगते. दोघं एकाच पक्षाचे, आणि पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे आमच्याकडे चिठ्ठीनं ठरत नाही. दोन उमेदवार मैदानात उभे राहतात, लोक आपापल्या माणसामागे रांग लावतात, आणि डोकी मोजली जातात. उमेदवारानं मागे वळून बघायचं नाही. निवड आमच्याच मैदानात होती. रांगा लावायला पहिला टोल पडला होता, दुसऱ्याला त्या बंद होणार होत्या. बाईंचं तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यांच्या मागचं सगळं त्यांना नाही, मला दिसत होतं.

म्लेन्गासाहेबांच्या रांगेत ढोल वाजत होता. बाईंच्या रांगेत चिडीचूप, कारण सगळे त्यांचेच जुने विद्यार्थी, हातभर अंतर सोडून उभे. ती शांतता ऐकून बाईंचा चेहरा उतरला. मागे कुणी नाहीच असं त्यांना वाटलं असावं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कुणीतरी मारल्याशिवाय बोलता येत नाही.

तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. चिसोम्बाच्या बायका येत होत्या. नदीवरून पाणी आणून, चूल उरकून, पोरं पाठीला बांधून पळत येत होत्या. पक्षाचा अधिकारी घड्याळात बघून म्हणाला, "वेळ झाली. रांगा बंद. वाजवा."

सिकेलो आजोबांनी बोल्ट उचलला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला मारलं आणि मी नेहमीसारखी खणखणीत वाजले.

बायका थांबल्या. पांढऱ्या विटांच्या बाहेर, चार पावलांवर. तो टोल कशाचा हे त्यांच्या डोक्यात शिरायच्या आत पायांनी हुकूम मानला होता. अधिकाऱ्यानं पाठ फिरवून मोजायला सुरुवातही केली होती. त्या चार पावलं धावल्या असत्या तर त्याला कळलंही नसतं.

म्लेन्गासाहेब दोनशे बारा. बाई एकशे अठ्ठ्याण्णव. विटांबाहेर एकतीस.

बाई वळल्या. त्यांनी आधी आपली लांब रांग पाहिली, मग विटांबाहेरच्या बायका पाहिल्या. त्या चालत तिकडे गेल्या.

"एनिफा, तू का थांबलीस?"

एनिफाच्या पाठीवर बाळ झोपलं होतं. ती रडत म्हणाली, "टोल पडला ना बाई. तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "हो गं. मीच शिकवलं."

मित्रांनो, लॉरीसोबत कलंडले तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं. ज्या आवाजाचा मला ताठा होता, त्यानंच घात केला.

पण बाईंनी हाय खाल्ली नाही. त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. पुढच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, त्यांनी त्या एकतीस जणींना मैदानात बोलावलं आणि विटांबाहेर उभं केलं.

"मी दुसरा टोल मारीन. तुम्ही चालायचं."

बाईंनी स्वतः बोल्ट घेतला. पहिल्या खेपेला सगळ्या पुतळे झाल्या आणि मग हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"पायच थांबतात बाई, आम्ही काय करू?"

"पुन्हा," बाई म्हणाल्या. पूर्वी पाढे चुकल्यावर म्हणायच्या, अगदी तशाच.

चौथ्या खेपेला एनिफानं वीट ओलांडली. तिच्यामागून बाकीच्या आल्या, आणि मी वाजत असताना त्या सगळ्या माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत माझ्या आवाजावर कुणी पुढे आल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मतदान मंगळवारी आहे. निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. तुमच्याही गावात माझ्यासारखं काहीतरी टांगलेलं असेल. त्याचं गंज चढलेलं अंग पुसू नका, साखळीला तेल घालू नका, चालेल. फक्त जो कुणी वाजवत असेल त्याला माझा निरोप द्या. हात उचलण्याआधी एकदा रस्त्याकडे बघ म्हणावं, कुणीतरी पाणी भरून येत असेल.