नदीकाठच्या घराची नात

दोन आठवडे पुण्याला राहून अनघा सिंगापूरला परतली, आणि नदीकाठच्या त्या घराचा तिसरा मजला पाहताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सागवानी जमीन घासूनपुसून आरशासारखी चकचकीत केली होती. खाचा नाहीशा झाल्या होत्या.

घर एका जुन्या चिनी व्यापाऱ्याचं. खाली पेढी आणि गोदाम, वर बिऱ्हाड. पुढे शेठजींची भरभराट झाली, ते बंगल्यात राहायला गेले, आणि वरच्या मजल्यावर फळ्या ठोकून त्यांनी खुराडी पाडली. होड्यांतली पोती पाठीवरून उतरवणारे हमाल तिथे बायकापोरांसह राहत. त्या फळ्यांच्या खाचा जमिनीत उरल्या होत्या. घराचा जीर्णोद्धार अनघाच्या हाती होता. निदान एका खुराड्याच्या खाचा तशाच ठेवू या, यासाठी ती महिनोन् महिने भांडली होती आणि शेवटी सगळ्यांनी होकारही दिला होता.

तांजोंग पगारच्या ऑफिसात निशिकांत हा तिचा वरिष्ठ. मूळचा मुंबईचा. ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, खाचा का बुजवल्या?"

"अगं, तिथे पार्ट्या होणार. बायकांच्या हील्स अडकल्या असत्या."

"ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. पण आता किती देखणं दिसतंय ते बघ की."

अनघाच्या डोळ्यांपुढे कोह आंटी आल्या. काम सुरू असताना एक दिवस ही पंचाहत्तरीची बाई पूर्वेकडच्या बेडोक उपनगरातून एकटीच आली होती आणि पत्र्याच्या कुंपणाबाहेर ताटकळत उभी होती. 'मी इथे जन्मले, एकदा वर जाऊ द्या,' एवढंच तिचं म्हणणं. अनघाने तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि तिला वर नेलं. आंटींनी चप्पल काढली, अनवाणी पायाने खाच चाचपली आणि म्हणाल्या, "ही आमची भिंत." त्यानंतर दोघींचं येणंजाणं सुरू झालं.

उद्घाटनाच्या आठवड्यात निशिकांतने स्वतःहून विषय काढला. "ती तुझी बेडोकची आजीबाई आहे ना, तिला घेऊन ये. चार शब्द बोलेल." अनघाला वाटलं, चला, जमीन गेली तरी माणूस तरी राहील.

ती आंटींना टॅक्सीने घेऊन आली. दारातच एका मुलीने आंटींच्या फुलाफुलांच्या ब्लाउजवर भाड्याची रेशमी शाल पांघरली आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावर काळ्या लाकडाच्या कोरीव खुर्चीत बसवलं. कॅमेरे लागले. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "हे घर बांधणाऱ्या व्यापाऱ्याची नात आज आपल्यात आहे."

टाळ्या पडल्या. अनघा गर्रकन निशिकांतकडे वळली. "हे कोणी लिहिलं?"

"मार्केटिंगने. म्हातारीला इंग्रजी कुठे कळतंय? खूश आहे बघ."

पण आंटींना कळलं होतं. त्या उठल्या, शाल काढून तिची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि माइक हातात घेतला. मोडक्या इंग्रजीत, पण सगळ्यांना समजेल असं त्या म्हणाल्या, "माझा बाप शेठ नव्हता. बाप पोती वाहायचा. त्याचं नाव कोह आह सेंग."

मग चप्पल काढून त्या पायाने जमीन चाचपू लागल्या. इकडे, तिकडे. गर्दीत त्यांना अनघा दिसली. "भिंत कुठे गेली?"

सगळ्यांच्या माना वळल्या. अनघा स्पष्ट आवाजात म्हणाली, "बुजवली, आंटी. मी इथे नसताना बुजवली."

"मग मी सांगते," आंटी म्हणाल्या. दोन्ही हात पसरून त्यांनी माप दाखवलं. "एवढी खोली. आम्ही सात जण. धाकटा भाऊ इथेच जन्मला आणि इथेच खोकून खोकून..."

कोणीतरी संगीत मोठं केलं. आंटी बोलतच राहिल्या. मग माइकच बंद झाला.

मागच्या जिन्यात निशिकांतने अनघाला गाठलं. "तू शिकवलंस तिला हे?"

"स्वतःच्या बापाचं नाव मी शिकवायचं का तिला?"

"हे बघ, तू इथे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या पासवर आहेस. आणि जीर्णोद्धाराच्या पुरस्कारासाठी जो अर्ज जातोय, त्यावर तुझी सही लागणार आहे."

"घराचं मूळ रूप जसंच्या तसं जपलं, असं त्यात लिहिलंय. मी सही करणार नाही, सर."

परतताना आंटी टॅक्सीत धुमसत होत्या. "बाप जिवंत होता तेव्हा त्याला पुढच्या दाराने येऊ दिलं नाही. आता मेल्यावर त्याला पुसून शेठची नात करतात मला. आणि त्या शालीला दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाचा वास येत होता."

घरी प्रबोध, अनघाचा नवरा, जुरोंग आयलंडवरच्या कामावरून नुकताच आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "एवढं ताणायला हवं होतं का? पास गेला तर?"

"तुझ्या पगारावर राहीन काही दिवस. चालेल?"

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "चालेल," म्हणाला.

नोकरी गेली आणि पासही गेलाच; प्रबोधच्या पासवर ती सिंगापुरात राहू शकली. अर्जावर दुसऱ्याच कुणीतरी सही केली आणि घराला पुरस्कार मिळाला. अनघा आठ महिने घरी बसली, मग एका छोट्या फर्ममध्ये लागली. रविवारी ती आंटींकडे बेडोकला जायची. त्या बोलायच्या, ती ऐकायची.

दीड वर्षाने निशिकांतचा फोन आला. आवाजात मध होता. "अनघा, त्या खाचांचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? घरावर पुस्तक काढतोय आम्ही. हमालांचं, गरिबांचं आता लोकांना आवडतं."

अनघाची कानशिलं तापली. जे आपल्या हातांनी घासून टाकलं, तेच आता छापून मिरवायचं होतं यांना.

"फोटोंवर पहिला हक्क आंटींचा आहे," ती म्हणाली. "बेडोकला या. दारात उभे राहा, माफी मागा, मग विचारा. त्या हो म्हणाल्या तर देईन."

"बरं, बघतो."

फोन ठेवला गेला. तो बेडोकला कधीच गेला नाही. पुस्तक निघालं, गुळगुळीत कागदावर, आणि त्यात कोह आह सेंगचं नाव कुठेही नव्हतं.