चावीचं झाकण

सिस्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीला त्यांचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. उभं आयुष्य प्रसूतिगृहात गेलेलं, त्यामुळे घाबरणं हा प्रकार त्यांनी कधी शिकून घेतलाच नाही. त्यांची गाडी मुलापेक्षा थोडीच लहान होती आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त ऐकायची.

ती शहाणी गाडी हल्ली भर रस्त्यात मान टाकायला लागली होती. घरातून झकास निघायची. बरंच अंतर गेलं की तिची ओढ कमी व्हायची, अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, आचके द्यायची आणि बंद पडायची. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. जरा वेळ गेला की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

मिस्त्रीने आधी प्लग बदलले. मग कार्ब्युरेटर उघडून धुतला. मग टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपच नवा टाकला. दर वेळी गल्लीला एक चक्कर मारून यायचा आणि हात पुसत म्हणायचा, "सिस्टर, आता बघा कशी पळते." दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा चौकात आडवी. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

मुलाचं निदान मात्र तयार होतं. गाडीत पेट्रोल भरून आणायचं काम तो स्वतः करायचा, आणि पेट्रोल पंपापासून घरापर्यंत गाडीने त्याला एकदाही दगा दिला नव्हता.

"आई, रागावू नकोस," तो म्हणाला. "मी चालवतो तेव्हा नीट चालते ना? म्हणजे दोष गाडीत नाही. तुझा पाय आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. क्लच कधी सोडायचा ते कळत नाही तुला. रविवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू. तुला कुठे जायचं असलं की मी सोडत जाईन."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं असतं. पण यापुढे चपला घालायच्या आधी मुलाची सवड विचारायची? आणि वर हा शिक्का, की बाईचा पाय गेला. याच पायांवर उभं राहून त्यांनी अर्ध्या गावाला जगात आणलं होतं.

"रविवार यायचाय अजून," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी त्या बंद गाडीत जाऊन बसल्या. वॉर्डात नवा डॉक्टर आला की आधी तपासण्या लिहायचा; सिस्टर आधी रोग्याला विचारायच्या, त्रास सुरू व्हायच्या आधी काय बदललं होतं? तोच प्रश्न त्यांनी गाडीला विचारला. टायर जुने, रस्ता जुना, पायही जुनाच. मग त्यांच्या लक्षात आलं की वास येत नाहीये. या गाडीत पेट्रोलचा बारीकसा वास कायमचाच असायचा. तो कधीपासून गेला?

मुलाने नवं झाकण बसवल्यापासून. कुणीतरी नळी घालून टाकीतलं पेट्रोल चोरलं, तेव्हा त्याने जुनं खुळखुळं झाकण काढून चावीचं, चांगलं घट्ट झाकण आणलं होतं. आईला पंपावर ताटकळावं लागू नये म्हणून चावी स्वतःच्या जुडग्यात ठेवली होती. तेव्हापासून सिस्टरांनी टाकी उघडलीच नव्हती.

घट्ट झाकण म्हटल्यावर त्यांना काचेच्या सलाइनच्या बाटल्या आठवल्या. त्या बाटलीच्या रबरी बुचात दोन सुया खुपसाव्या लागत, एक सलाइन बाहेर यायला आणि एक हवा आत जायला. हवेची सुई विसरली की थेंब मंदावत आणि थांबत. यावरून शिकाऊ पोरींना त्यांनी किती झापलं होतं! आणि इथे स्वतःच्याच गाडीचं बूच त्यांना दिसलं नव्हतं. मुलगा चालवायचा तेव्हा ते नुकतंच पंपावर उघडलेलं असायचं, म्हणून त्याला दगा नाही. त्या एकट्याच हसल्या.

रविवारी सकाळी त्यांनी मुलाला उठवलं. "चल, शेजारी बस. आणि तुझं जुडगं घे."

"आई, तो माणूस येईल आता."

"येऊ दे की."

गोदामांच्या मागच्या लांब रस्त्यावर गाडीने ठरल्याप्रमाणे आचके दिले आणि ती कडेला थांबली.

"बघितलंस?" मुलगा म्हणाला. "क्लच."

"मी सरळ चौथ्या गियरमध्ये चालले होते. क्लचला पाय कुठे लावला? उतर आणि झाकण उघड."

त्याने चावी फिरवली. लांबलचक श्वास घ्यावा तशी टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढून घेतली. सिस्टरांनी स्टार्टर मारला. गाडी थोडी कुरकुरली आणि सुरू झाली.

"योगायोग असेल."

"असेल. आता झाकण सैल ठेव आणि बस."

या वेळी गोदामं संपली, चढ आला, चढही संपला. गाडी हूं की चूं न करता चालली. मग सिस्टरांनी बाजूला घेऊन त्याला झाकण पुन्हा घट्ट लावायला लावलं. परतीच्या वाटेवर गाडीने पुन्हा मान टाकली. या खेपेला मुलगा न सांगता उतरला.

तो परत येऊन बसला, तेव्हा झाकण त्याच्या हातात होतं. तो ते उलटसुलट करून बघत होता. हवेसाठी सुईएवढंही भोक नव्हतं.

"काळजीने बसवलं होतं गं."

"माहीत आहे. म्हणून तर कुणाला संशय आला नाही." त्या त्याच्याकडे वळल्या. "पण तू माझ्या पायाला नाव ठेवलंस. ते मला फार लागलं."

"चुकलंच माझं," तो खाली बघत म्हणाला. "भोकाचं झाकण आणतो मी आजच."

"मी आणीन. ते सैल लाव आणि बस."

तो झाकण लावून बसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भंगारवाला दारात येऊन उभा होता. मुलाने फोनवर हात ठेवला.

"काय सांगू?"

"सांग, मालकीण गाडी घेऊन बाहेर गेली आहे."

"कधी येणार विचारलं तर?"

सिस्टरांनी गाडी सुरू करून गियर टाकला.

"म्हणावं, ती आम्हाला विचारून जात नाही."