पत्र्यावरची थाप

शिवकन्याची हळदीची गाणी मोबाईलवर गाजली, तेव्हापासून केज तालुक्यात तिच्या आवाजाशिवाय नवरीला हळद लागेना. असल्या गोड गळ्याच्या बाईने ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर, आपल्या शेजारी मडगार्डवर येऊन का बसावं, हे अभिमन्यू ड्रायव्हरला उमजेना. तिची आई चंद्रभागाबाई मागच्या ट्रॉलीत होती. लेक नावारूपाला आली तरी घरात करमत नाही म्हणून बाई यंदाही टोळीबरोबर निघालेली. पण आईला निरोप द्यायला आपलं गाव, युसूफ वडगाव, पुरलं असतं. बीडपर्यंत हाडं खिळखिळी करून घ्यायची काय गरज?

अभिमन्यू मूळचाच चौकस. केज मागे पडेपर्यंत त्याने कसाबसा दम धरला, मग विचारलंच.

शिवकन्याने आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं, नवं गाणं केलंय, गिटार आणि ड्रमचं, दणकट. रेकॉर्डिंगवाला म्हणतो, हळदीच्या बायका पाठ फिरवतील. उद्या ते लोकांसमोर टाकायचं की पुसायचं, हे तिला आज ठरवायचं होतं.

"मग हितं कावून?"

"सा महिने माय ट्रॉलीत न्हाईतर उसाच्या फडात. माझं गोड गाणं तिच्यापातुर जातच न्हाई. इंजिनच खातं. हे तरी पोचतं का, बघायचंय."

तिने मोबाईल जोडला. टपावरचे भोंगे कडाडले. शिवकन्या गाण्यात चक्क ओरडत होती, पण सुरात. आपल्याला हे आवडलं की नाही, अभिमन्यूला कळेना; मान मात्र हलत होती.

तेवढ्यात मागून पत्र्यावर धडाधड थापा पडल्या. ट्रॉलीचा पत्रा वाजला की थांबायचं, हा टोळीचा नियम. कोणी पडलं की काय, म्हणून त्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला. शिवकन्याचा चेहरा उतरला. गाणं बंद करा म्हणत असतील, असं पुटपुटत ती त्याच्यामागे खाली उतरली.

ट्रॉलीत सगळे धडधाकट होते. चंद्रभागाबाईचा हात अजून पत्र्यावर होता.

"थांबलास कावून?"

"तुमीच पत्रा वाजवला की, मावशी."

"थांबायला न्हाई, गाण्याला वाजवला. लाव परत." मग तिने विचारलं, "कुणाची हाय रं ही गाणारी पोरगी?"

अभिमन्यू सांगणार होता, पण शिवकन्याने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ती चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली.

गाणं पुन्हा सुरू झालं, थापाही सुरू झाल्या. जरा पुढे गेल्यावर त्या एकदम थांबल्या. अभिमन्यूने वळून पाहिलं. लेक भोंग्याच्या वरताण गात होती आणि माय पत्रा सोडून तिचा गळा चाचपत होती.