निवताना आलेला आवाज

खोक्यातून शाफ्ट बाहेर निघाला आणि कारखान्यात लेपाचं काम करणाऱ्या ताईने तो पाहताच ओळखला. दगड फोडायच्या मशीनचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, चांगला पुरुषभर लांबीचा. सोबतच्या कागदावर त्याच खाणीचा पत्ता होता.

गेल्या वर्षी त्या मशीनच्या जुन्या शाफ्टवर तिनेच लेप चढवला होता. निकेलच्या पुडीत टंग्स्टन कार्बाइडचे कण मिसळायचे आणि लेसरच्या झोतात ती पूड वितळवून पोलादावर थर द्यायचा. थर असा कडक, की दगडालाही दाद देत नाही. पण कडक म्हणूनच निवताना तडकायची धास्ती. त्या दिवशी निवताना 'टिक्' असा आवाज आला. गाडी दारात उभी होती, सगळे घाई करत होते. तडा शोधायची तपासणी तिने केलीच नाही. कागदावर 'ठीक' लिहून सही ठोकली. पाच महिन्यांनी शाफ्ट मोडला आणि शेजारी उभा असलेला फिटर जागच्या जागी गेला.

तेव्हापासून त्या आवाजाने तिची पाठ धरली. चुलीवरून उतरवलेलं भांडं निवताना टिक्. दाराची कडी लावताना टिक्. नवऱ्याने बोटं मोडली तरी ती दचकायची.

नव्या शाफ्टवर तिने जीव ओतला. आधी तो तापवला, लेप दिला, मग हळूहळू निवावा म्हणून जाड आच्छादनात गुंडाळून शेजारी बसून राहिली. दुपारी आतून आवाज आला. टिक्.

तिने लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तिने वाट पाहिली. पांढरं पांढरंच राहिलं. तरी तिने थर घासून काढला आणि पुन्हा चढवला. पुन्हा टिक्. पुन्हा पांढरं.

फोरमनचा आवाज दणदणीत, म्हणून त्याला सगळे तोफखाना म्हणत. तो म्हणाला, "अहो ताई, मी इथेच होतो, मला काही ऐकू आलं नाही. शाफ्ट ठणठणीत आहे. कशाला जिवाला घोर लावून घेता?"

"गेल्या वर्षीचा आवाज खरा होता," ती म्हणाली. "मी तपासलं नव्हतं."

तोफखाना एकदम थंड पडला. हलक्या आवाजात बोलला, "मला सांगितलंत, पुरे झालं. बाहेर ब्र काढू नका."

दुसऱ्या दिवशी शाफ्ट न्यायला खाणीचा नवा फिटर आला. गेलेल्याचाच धाकटा भाऊ. गाडीत शाफ्टवरचे पट्टे आवळत होता तेवढ्यात ताईने त्याला सगळं सांगून टाकलं, एका दमात, त्याच्याकडे न बघता.

त्याचे हात थांबले. "आईसमोर सांगाल हे?"

"सांगेन."

संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तेव्हाच तपासलं असतंस, तर वाचला असता?"

"हो," ताई म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "तुला माफ करणं मला जमायचं नाही. पण जे सांगितलंस ते लिहून दे. सगळे म्हणतात, चूक माझ्या पोराचीच होती."

ताईने कागद मागितला आणि तिथेच जमिनीवर बसून लिहायला घेतलं.