वाढलेलं तेल

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. आंजीच्या किसनरावाची अन् त्याच्या काळ्या मोटरीची गोष्ट सांगतो.

सत्तेचाळीस सालची ती विलायती मोटर अठ्ठ्याहत्तरातही चालत होती, ती अण्णाजी बुवांसाठी. बुवा कीर्तनकार, गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी चढवत नसे. किसनराव त्यांना गावोगावी न्यायचा.

त्या चैत्रात गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. बुवांचा घसा धरे. किसनराव बॉनेट उघडून वाकला. इंजिनाला लागलेल्या, पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक होतं, तिथून थेंब गळे. त्याने धुण्याचा साबण त्यात घट्ट दाबला. वास गेला, बुवांचा आवाज मोकळा झाला.

आठवड्याने त्याने इंजिनात तेलाची पट्टी बुडवून पाहिली अन् धावत आला.

"बुवा, तेल आटत नाई, वाढून राह्यलं!"

बुवांनी हात जोडले. त्याच सांजेला देवळात सांगितलं, भक्ताच्या मोटरीत देव स्वतः तेल घालतो. बायाबापड्यांनी डोळे पुसले, किसनरावानेही.

मग अल्लीपूरहून निरोप आला. बुवांची बहीण देवकाबाई शेवटच्या घटका मोजत होती. 'अण्णाच्या तोंडचा एक अभंग ऐकू द्या, मंग मी मोकळी,' एवढंच तिचं मागणं.

सकाळीच निघाले. वर्धा मागे पडलं अन् इंजिन ठोके देऊ लागलं. एका चढावर ते जाम झालं. निरोप मिळून तासाभराने जवळच्या गावचा कवडू मिस्त्री सायकलीवर आला. त्याने पट्टी काढली, हुंगली, तेल बोटांत चोळलं.

"तेल हाय का पाणी? यात तं पेट्रोल उतरलं!" मग वाकून त्याने खिळ्याने साबण उकरला. "हे भोक कोनं बुजवलं?"

"म्या. गळत होतं ना."

"अजी, गळाले पाह्यजे म्हणूनच ते ठेवलं असते! आतला पडदा फाटला का थेंब बाहेर येते, मानसाले समजते. तुमी त्याचं तोंडच दाबलं. मंग पेट्रोल जाईन कुठं? तेलात. तेल पातळ झालं, आतली बेरिंगं खाल्ली त्यानं."

"आज होते का काही?"

"आज नाई. मले तं वाटते, कधीच नाई."

किसनराव बुवांच्या पायाशी बसला. "बुवा, मले शिव्या द्या."

"कायले रे? तू भोक बुजवलं, अन् म्या त्याचं कीर्तन केलं."

उन्हात सारी दुपार गेली, तेव्हा बस आली. किसनराव, कवडू अन् कंडक्टर, तिघांनी बुवांना उचलून आत घातलं. अल्लीपूरला पोचले तर लोक मसणातून परतत होते. देवकाबाईची सून म्हणाली, "दुपारवरी डोये रस्त्याकडं होते. भोंगा वाजला का इचारत, अण्णाची मोटर आली का?"

बुवांनी अभंग म्हणायला तोंड उघडलं. घसा साफ होता, पण सूर आला नाही. किसनराव ओसरीवर बसून राहिला. त्याच्या बोटांना अजून साबणाचा वास येत होता.

रस्त्यावर मोटरीचा भोंगा वाजला, तर बाप्पाहो, देवकाबाईची आठवण ठेवा.