अप्पांच्या आवाजाच्या फाइली

भोंग्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात हिशेब विभागाच्या प्रिंटरमधून अडकलेला कागद ओढत होते. भोंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी रडायला लागला की चार घरं सोडून ऐकू जायचं, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. तिशी ओलांडली तरी घरात तेच चालतं.

"ताई, लॅपटॉप चालू होत नाहीये," तो म्हणाला आणि गप्प झाला. भोंगा गप्प झाला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

"कुठला लॅपटॉप?"

"अप्पांचा."

मी कागद तसाच सोडला. साहेबांना घरी अडचण आहे एवढंच सांगितलं आणि निघाले.

अप्पांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. गाडीत शेजारी बसून ओरडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तेवढ्याच मोठ्यानं बोलायचं, असा त्यांचा दिनक्रम. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस मी रजा घेतली. आतल्या खोलीच्या खिडकीला गोधड्या टांगल्या, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून, आणि अप्पांसमोर माइक ठेवून त्यांची रोजची वाक्यं एकेक करून रेकॉर्ड केली. पाणी दे. दार लाव. दुखतंय. बरं वाटतंय. कोण आलंय? पडद्यावरचं बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य वाजेल, असा एक प्रोग्राम मिळतो. अप्पांना पुन्हा त्यांचा आवाज मिळायचा तर तो एवढ्यानंच मिळणार होता.

आईनं सगळ्यात एकच गोष्ट मागितली होती. "ते 'अगं, ऐकलंस का' घेतलंस ना गं?" नाव घेऊन अप्पांनी तिला कधी हाक मारली नाही. जन्मभर हेच. मी ते दोनदा रेकॉर्ड केलं, एक साधं आणि एक चिडलेलं, कारण तिला दोन्हींची सवय होती.

घरी पोचले तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. आई दाराशी उभी होती. अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्याभोवती सुती कापड, मांडीवर मुलांची असते तशी पुसायची पाटी. भोंगा भिंतीला टेकून उभा, चेहरा पार उतरलेला.

"आता नीट सांग," मी म्हणाले. "काय केलंस ते पहिल्यापासून सांग. काय व्हायला हवं होतं ते नकोय मला."

ज्यांचे संगणक मी दुरुस्त करते ते सगळे एकच वाक्य म्हणतात, मी काहीच केलं नाही. भोंग्यानं तसं म्हटलं नाही, हे त्याचं पुण्य.

तो बटणांचा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर चालत नव्हता. म्हणून भोंग्यानं नवी सिस्टिम टाकायचं ठरवलं. मी रविवारी येऊन करणार होते, पण याला दम निघतो कुठला! त्यानं पेनड्राइव्ह शोधला, त्यावर नव्या सिस्टिमची इन्स्टॉलेशनची फाइल चढवली आणि सकाळी काम सुरू केलं. फाइली तशाच ठेवा, हा पर्याय निवडला. मग सगळे अप्पांच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेले. परत येऊन बघतात तर पडदा काळा.

"मग?"

"मग परत पहिल्यापासून लावलं. ते विचारत होतं काहीतरी. मी हो, हो करत गेलो."

"काय विचारत होतं?"

"डिस्क पूर्ण पुसायची का."

"आणि तू हो म्हणालास."

"तरी परत अडकलंच. तेवीस टक्क्यांवर. दोनदा तिथंच."

"पेनड्राइव्ह कुठला घेतलास?"

त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवला. निळा, टोपण नसलेला. अप्पांच्या आवाजाची दुसरी प्रत मी त्यावरच ठेवली होती. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तयार करताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे भोंग्याला ठाऊक होतं. त्यानं फोल्डर उघडूनही पाहिलं होतं. लॅपटॉपमध्ये आहेच की हे, असं म्हणून पुसलं.

मग माझी जीभ सुटली. अक्कल गहाण टाकलीस का, हात शिवशिवत होते तर स्वतःचा फोन पुसायचा होतास, एक रविवार धीर धरवला नाही, बाप एकदाच बोलून गेला आणि तू त्याला दुसऱ्यांदा मुका केलास. हे शेवटचं मी अप्पांसमोर बोलले. आई "अगं, पुरे" म्हणाली, पण मला थांबायचं नव्हतं. भोंगा नुसती मान डोलावत राहिला. त्यामुळे मला आणखीच तिडीक आली.

तेवढ्यात अप्पा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. भिंतीला धरत ते बाहेरच्या दाराकडे गेले. दाराच्या वर डावीकडे आमचा मेन स्विच आहे. त्यांनी हात वर करून त्या खटक्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि तो खाली ओढून दाखवला. पंखा थांबला. फ्रीजची घरघर थांबली. मग त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या छातीवर आपटली.

घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा, हा अप्पांचा नियम. गाडीतून उतरताना चावी काढायचीच, तसं. फ्रीजमधलं दूध नासतं म्हणून आई वर्षानुवर्षं कुरकुर करत आली, तरी नियम बदलला नाही. त्या सकाळीही त्यांनी खटका ओढला होता. लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून मीच कधीची काढून टाकली होती, तो नुसत्या वायरीवर चालायचा. आई चपला घालून दारात उभी होती, भोंगा हातात दवाखान्याची फाइल घेऊन उभा होता, दोघांनी त्यांना खटका ओढताना पाहिलं आणि दोघांनाही काही सुचलं नाही. रोज दिसणारी गोष्ट कुणाला दिसते?

अप्पांनी खटका वर केला, खुर्चीत येऊन बसले आणि पाटीवर लिहिलं, "त्याला बोलू नको."

सगळं खापर भोंग्यावर फोडून झालं होतं आणि ते परत घेता येत नव्हतं. मी बॅगेतून माझा लॅपटॉप काढला. दुसरं काही करता येण्यासारखंही नव्हतं.

आधी निळा पेनड्राइव्ह तपासला. जुना, मरायला टेकलेला, त्यावर चढवलेली फाइलसुद्धा अर्धवटच उतरली होती. दोन्ही वेळा काम त्याच टक्क्यावर का अडलं, ते कळलं. पेनड्राइव्ह पुढचं देतच नव्हता. त्यावर आवाजाच्या फाइलींचा मागमूस नव्हता. पण त्याच्या या दगाबाजीमुळे एक गोष्ट झाली होती. लॅपटॉपच्या डिस्कवर नवी सिस्टिम थोडीशीच लिहिली गेली होती. डिस्क पुसली म्हणजे आधी नुसती यादी जाते. दारावरची पाटी काढली म्हणून आतली माणसं लगेच जात नाहीत. त्यांच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं की मात्र संपलं.

"म्हणजे सापडेल?" आईनं विचारलं.

"काही सापडेल. काय ते माहीत नाही."

लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले. जुनी, फिरणारी डिस्क होती, हे नशीब; नव्या चिपच्या डिस्कवरून पुसलेलं सहसा परत मिळत नाही. ती बाहेर काढून वायरीनं माझ्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावला. डिस्कवर काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. डिस्क बारीक करकरत होती. भोंगा समोर येऊन बसला. आईनं सगळ्यांना चहा दिला आणि अप्पांचा त्यांना चालतो तसा कोमट करून दिला.

फाइली सापडू लागल्या. नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. पहिली वाजवली, तर खरखर. दुसरी खरखर. मग अप्पांचा आवाज आला, "पाणी", आणि पुढे परत खरखर. अप्पांचा हात गळ्याच्या कापडाकडे गेला. ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःला पहिल्यांदाच ऐकलं होतं.

घरातली वाक्यं आम्ही आधी रेकॉर्ड केली होती. नवी सिस्टिम नेमकी त्यांच्याच जागेवर येऊन बसली होती. दार लाव गेलं. बरं वाटतंय गेलं. आई माझ्या खांद्यामागे उभी राहून ऐकत होती. ती कशाची वाट बघत होती ते चौघांनाही माहीत होतं. एका फाइलीत अप्पा खाकरले, श्वास घेतला, "अ" एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती फस्‌फस्. मी ती तीनदा वाजवली. दुसरं काही निघेना. चिडलेलं तर कुठंच नव्हतं.

"राहू दे गं," आई म्हणाली. "कान फाटतील तुझे." आणि ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. मला रडू आलं. मी चेहरा पडद्याच्या मागे ठेवला, पण भोंग्याला दिसलंच.

मग एकाएकी एक फाइल स्वच्छ वाजली. "क्लच दाब. पूर्ण दाब." तिच्यानंतरची, "आरशात बघ आधी." तिच्यानंतरची, "डावीकडे घे. सावकाश." एकही खराब नाही. हे शेवटच्या दिवसाचं होतं. माझी यादी संपल्यावर अप्पा हट्टाला पेटले होते की माझी पण वाक्यं घे. आता कुणाला शिकवणार आहात, असं मी विचारलं नाही. जड जाईल त्यांना, म्हणून नुसता माइक चालू ठेवला. मोकळ्या गळ्यानं, पुढच्या सीटवर बसल्यासारखे बोलले होते. ते सगळं शाबूत राहिलं आणि माझ्या यादीतलं जवळजवळ सगळं गेलं.

"असं कसं ताई?" भोंगा म्हणाला. "लागणारंच गेलं."

अप्पांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "चालेल."

सापडलेल्या फाइली मी दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवली, माझ्याकडच्या नव्या पेनड्राइव्हवर सिस्टिम चढवली आणि भोंग्याला म्हणाले, "बस. तू कर." त्यानं मान हलवली. हात मागे घेतले. "बस रे," मी म्हणाले, "मघाशी मी जे बोलले ते चुकलं माझं." तो बसला. प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून, माझ्याकडे बघून, मगच दाबत होता. तेवीस टक्के आले आणि गेले. काम संपेपर्यंत अप्पा मेन स्विचखाली खुर्ची टाकून बसून होते, कुणी जवळ येऊ नये म्हणून.

दिवेलागणीच्या सुमाराला लॅपटॉप सुरू झाला. बटणांचा प्रोग्राम टाकला, होती तेवढी वाक्यं त्यात भरली, वर नावं लिहिली आणि आतल्या खोलीत अप्पांच्या पलंगावर तो ठेवून दिला. मी आणि भोंगा बाहेर वायरी गुंडाळत होतो. आई स्वयंपाकघरात.

आतून आवाज आला, खणखणीत. "डावीकडे घे. सावकाश."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. अप्पा बटणं दाबून बघत असतील, असं वाटलं.

परत आलं. "डावीकडे घे. सावकाश." थोड्या वेळानं तिसऱ्यांदा.

स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं की आतली खोली डाव्या हाताला येते. आईच्या ते आमच्या आधी लक्षात आलं. हात पुसत ती बाहेर आली, आमच्याकडे न बघता डावीकडे वळली आणि खोलीच्या दारात थांबली.

"आले हो," ती म्हणाली. "साऱ्या जगाला गाडी शिकवलीत, मी इतकी मागे लागले तरी मला कधी शिकवली नाहीत. आता शिकवताय होय?"

मग अप्पांचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं असावं.

"बाजूला घे. आता थांबव."

पलंग करकरला. आई बसली होती.