बाटलीचं तोंड

प्रयोगातल्या सॉसच्या बाटल्या पुढच्या खेपेसाठी धुताना वित्स्केच्या लक्षात आलं, की एकीचं तोंड कात्रीनं कापलेलं आहे.

ग्रोनिंगन विद्यापीठातला तो प्रयोग तिचाच. दीडशे पोरं. निम्म्यांनी एका खोलीत वीस मिनिटं संगणकावर गोळीबाराचा खेळ खेळायचा, निम्म्यांनी शेजारच्या खोलीत कोडी सोडवायची. मग प्रत्येकानं तिखट न सोसणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी वाटीत मिरचीचा सॉस पिळायचा. सॉस जास्त, म्हणजे राग जास्त. शिकलेली माणसं राग असाच मोजतात, काट्यावर, आणि कुणाला हसूही येत नाही. गोळीबारवाल्यांचा सॉस दुप्पट भरला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली, आणि वित्स्केनं त्याच संध्याकाळी आपल्या पोरीचं व्हिडिओ खेळांचं यंत्र उचलून माळ्यावर टाकलं. त्याला तीन आठवडे झाले.

"सॉस अडकत होता गं," मदतनीस बाउके म्हणाला. "म्हणून पहिल्याच दिवशी जरा कापलं."

"दोन्ही बाटल्यांचं?"

"छे, गोळीबाराच्या खोलीतलीच. दुसरी बरी चालत होती."

वित्स्केनं दोन्ही बाटल्या भरल्या आणि एकेकदा सारख्याच जोरानं दाबल्या. न कापलेलीतून चार ग्रॅम, कापलेलीतून आठ. तिनं वीस वेळा करून पाहिलं. मग हात धुतले आणि रेन्डरकडे गेली.

रेन्डर विभागप्रमुख. जूनमध्ये संपणारा तिचा करार वाढवायचा की नाही, हे त्याच्या हातात. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बिस्किट कॉफीत बुडवलं.

"लेख छापून झालाय, वित्स्के. पुढच्या लेखात तळटीप टाकू."

"तळटीप? अरे, राग पोरांचा नव्हताच! तोंड मोठं होतं बाटलीचं!"

"निष्कर्ष तरी चुकीचा आहे कशावरून?"

"बरोबर आहे कशावरून?" तिनं टेबलावर मूठ आपटली. कॉफी त्याच्या कागदांवर सांडली.

"बघ, केवढा हा राग," रेन्डर कागद झटकत म्हणाला, "आणि तू तर एकही खेळ खेळत नाहीस."

घरी जाताना वारा समोरून होता. ती सायकलवर रडली, आणि रडू येतंय याचाही तिला संताप आला. खरं बोलायला गेलं की नोकरी जाणार, आणि खोटं छापून आलं की टाळ्या! नाही, टाळ्या कसल्या, सगळ्या विभागानं केक कापला होता त्या दिवशी. तिनंही खाल्ला होता.

घरात शिरल्याबरोबर ती माळ्यावर चढली आणि यंत्राचं खोकं खाली आणलं. तिची सोळा वर्षांची पोर, यित्स्के, बटाटे सोलत होती.

"घे. माझं चुकलं. प्रयोगच चुकला होता."

"म्हणजे मी रागीट नाही?"

"नाहीस."

"मी सांगत होते तेव्हा तू म्हणालीस, आकडे खोटं बोलत नाहीत. या तीन आठवड्यांत घरात आरडाओरडा कुणी केला, आई?"

वित्स्केनं खोकं तिच्यापुढे सरकवलं.

"ठेव ते तिकडे. या खेळाची स्पर्धा शनिवारीच झाली. माझ्या जागी संघानं दुसरी मुलगी घेतली."

वित्स्केनं खोकं भिंतीशी ठेवलं. मग बटाट्यांची सालं बाजूला सारून तिनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. खाली फक्त स्वतःचं नाव घातलं.

यित्स्केनं पत्र वाचलं. "नोकरी जाईल ना?"

"बहुतेक."

"पाठव," यित्स्के म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.